गाडी खोललीच आहे, तर आणखी कोणते पार्ट बदलावेत?

शहापूर तालुक्यातल्या डोळखांब परिसरातली एखादी गाडी क्लचच्या कामासाठी गॅरेजला गेली, की बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी मेकॅनिकचा फोन येतो: "गिअरबॉक्स उतरवलाय. सोबत अजून दोन-तीन पार्ट बदलून टाकू का?" बिल वाढणार हे मालकाला कळतं. पण हा सल्ला गरजेचा आहे की बिल फुगवण्याचा प्रकार, हे कळत नाही.

खेड्यात हा निर्णय जास्त महत्त्वाचा ठरतो. मोठ्या कामासाठी गाडी शहापूर किंवा कल्याणला न्यावी लागते. ती पुन्हा बंद पडली तर टोचनचा खर्च वेगळा आणि बुडालेला रोजगार वेगळा. रात्री पेशंटला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं असेल, तर दारात चालू गाडी असणं गरजेचं असतं.

पहिला प्रश्न मजुरीचा

पार्ट जुना आहे का, एवढंच विचारून भागत नाही. त्या पार्टपर्यंत पुन्हा पोहोचायला किती मजुरी लागेल, हे आधी विचारावं.

समजा, गिअरबॉक्स उतरवून बसवण्याची मजुरी 4,000 रुपये आहे आणि रिलीज बेअरिंग 900 रुपयांचं. आज बदललं तर 900 रुपये जातील. वाचवलं आणि सहा महिन्यांनी ते वाजायला लागलं, तर 4,900 रुपये जातील. याउलट बॅटरी, वायपर किंवा एअर फिल्टर कधीही दहा-पंधरा मिनिटांत बदलता येतो. मोठ्या कामाच्या निमित्ताने हे पार्ट बदलून मजुरी वाचत नाही.

कोणत्या कामात काय पाहावं?

क्लच: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सहसा एकत्र बदलतात. फ्लायव्हीलवर चरे किंवा जळल्याचे डाग आहेत का, ते पाहावं. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल, तर सील तेव्हाच बदलावं. नाहीतर नव्या प्लेटवर तेल येऊन ती घसरू लागते. माळशेज किंवा कसारा घाटात अर्ध्या क्लचवर गाडी चढवण्याची सवय असेल, तर नवा सेटही लवकर झिजतो.

टायमिंग बेल्ट: बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर बदलणं योग्य. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल, तर त्याचाही विचार करावा. पंप नंतर गळला, तर सगळं काम पुन्हा करावं लागतं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. मारुती 800, ओम्नी, डिझेल इंडिका यांना बेल्ट होता. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांना चेन असते. म्हणून आपल्या गाडीला काय आहे, ते मॅन्युअलमध्ये पाहावं.

हेड गॅस्केट: हेड सपाट आहे की वाकलंय, हे तपासून घ्यावं. अनेक कंपन्या हेड बोल्ट पुन्हा न वापरण्याची सूचना देतात. व्हॉल्व्ह सील आणि थर्मोस्टॅटही याच वेळी पाहावेत. मुख्य म्हणजे इंजिन कशामुळे तापलं, ते शोधावं. रेडिएटर चोक झालाय किंवा फॅन बंद आहे आणि तो तसाच ठेवला, तर नवं गॅस्केटही जाईल.

ब्रेक आणि सस्पेन्शन: ब्रेक पॅड एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदम बदलतात. शॉक ॲबसॉर्बरही जोडीनेच बदलावेत. बॉल जॉइंट ढिला असेल, तर पैसे वाचवण्यासाठी तो तसाच ठेवू नये.

कुठे थांबावं?

सुचवलेला पार्ट दुसऱ्याच भागातला असेल, मोजमाप किंवा खूण न दाखवता फक्त "जुना झालाय" असं सांगितलं जात असेल, किंवा तो नुकताच बदललेला असेल, तर नकार द्यायला हरकत नाही.

गाडीची किंमतही पाहावी. दीड लाखाच्या गाडीवर 60,000 रुपये घालण्याआधी ती अजून किती वर्षं वापरायची, हे ठरवावं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करावं लागतं. ती मुदत जवळ आली असेल, तर तो खर्चही हिशेबात धरावा.

हो म्हणण्याआधी

पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेलं एस्टिमेट मागावं. गॅरेज लांब असेल, तर झिजलेल्या पार्टचा फोटो किंवा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवावा. नव्या पार्टच्या बॉक्सवरचा पार्ट नंबर आणि एमआरपी पाहावी. जुने पार्ट परत घ्यावेत आणि पक्कं बिल घ्यावं.

20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार करता येते. बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तिथे प्रश्न सुटला नाही, तर ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. अशा वेळी एस्टिमेट, फोटो आणि बिल हेच पुरावे म्हणून कामी येतात.