आजीची सदाफुली

परवा आईचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, अंगणातली सदाफुली यंदा नुसती फुललीय. आणि आजी आठवली. तिला 'साखर' होती. रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची चार पानं चावून खायची. कडूजहर! पण तोंड जराही वाकडं करायची नाही.

आजीसारखी जमैकातली माणसंही मधुमेहावर या पानांचा काढा घ्यायची. १९५२ साली तिथली पंचवीसेक पानं पाकिटातून कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. (हेच ते नोबल, ज्यांची १९२१ मध्ये नाणेफेकीत बँटिंगचा सहायक व्हायची संधी हुकली असं सांगतात. इन्सुलिनच्या गोष्टीत चार्ल्स बेस्ट गेला. असो.) त्यांनी पानं भावाकडे, रॉबर्टकडे धाडली. रॉबर्टने उंदरांना अर्क पाजला, साखर ढिम्म हलली नाही. मग टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मरायला लागले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या.

दुसरा कोणी असता तर पानं कचऱ्यात गेली असती. रॉबर्टला वाटलं, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या ब्लड कॅन्सरवर हे चालेल की! चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञाबरोबर त्याने १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जगापुढे आणलं. अमेरिकेतली एली लिली कंपनीही मधुमेहाचंच औषध शोधता शोधता याच झाडाशी पोचली होती. तिथे व्हिनक्रिस्टिन सापडलं, १९६३ मध्ये त्याला परवानगी मिळाली.

गंमत म्हणजे हे औषध धरतं कशाला, ते तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं! पेशीच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो. त्या नळ्यांच्या विटा म्हणजे ट्युब्युलिन हे प्रथिन. शिकागोत बोरिसी आणि टेलर यांनी ते १९६७ मध्ये ओळखलं, तेही कोल्चिसिन या दुसऱ्याच वनस्पतिज विषाच्या मदतीने. पेशीची दोन शकलं होताना याच नळ्या गुणसूत्रं दोन टोकांना ओढतात. सदाफुलीचं द्रव्य विटांना चिकटलं की नळी रचलीच जात नाही, पेशी अर्ध्यात अडकून मरते.

माझ्या पुतण्याला सहाव्या वर्षी ल्युकेमिया झाला, तेव्हा हेच व्हिनक्रिस्टिन त्याच्या शिरेतून जायचं. मज्जातंतूंतही त्याच नळ्या असतात. त्यामुळे बोटं बधिर व्हायची, शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. आजी लावून द्यायची. आज तो कॉलेजात आहे.

त्याच दिवसांत मी आजीला सांगितलं, अगं, तू खातेस त्याच झाडाचं औषध याला देतायत, आणि ते विषारी आहे. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या साखरेला काहीच उपयोग नव्हता?"

दुसऱ्या दिवसापासून पानं बंद. झाड मात्र तिने उपटू दिलं नाही. फुलं देवाला, आणि एक पुतण्याच्या उशाशी.