यौवनलोपी ग्रंथी
उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या बाजूस असणारी द्विखंडी ग्रंथी. थायमस या नावानेही ती परिचित आहे. बालपणी मोठी असणारी ही ग्रंथी यौवनारंभानंतर आकसत जाते. त्यामुळे दीर्घकाळ तिचे कार्य अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती ‘वाढलेली’ समजून अमेरिकेत अनेक अर्भकांवर क्ष-किरणोपचार झाले. त्यांपैकी काहींना पुढे अवटू ग्रंथीचा कर्करोग झाला.

१९६१ मध्ये झाक मिलर यांनी इंग्लंडमध्ये नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. त्या उंदरांत लसीका कोशिका घटल्या, परक्या त्वचेचे रोपण नाकारले गेले नाही व अनेक उंदीर संक्रामणांना बळी पडले. अशा रीतीने रोगप्रतिकारक्षमतेतील तिचे स्थान सिद्ध झाले.

अस्थिमज्जेतून आलेल्या पूर्वकोशिकांपासून येथे टी कोशिका बनतात. ग्रंथीच्या बाहेरील भागातील उपकला कोशिका उपयुक्त ग्राही असलेल्या टी कोशिकांनाच जगवितात. आतील भागातील उपकला कोशिका इतर अवयवांची प्रथिने स्वतः निर्माण करून दाखवितात. त्यांच्यावर तीव्र प्रतिक्रिया करणाऱ्या बहुतेक टी कोशिका तेथेच नष्ट होतात. या प्रथिननिर्मितीस आवश्यक असलेले ‘एअर’ जीन १९९७ मध्ये ओळखले गेले. ते सदोष असल्यास प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अंतःस्रावी ग्रंथींवर आघात करते.