हयातीचा दाखला

गेल्या नोव्हेंबरात रायपूरच्या शंकर नगरात, आमच्या इमारतीचा रात्रीचा पहारेकरी हयातीचा दाखला भरून घ्यायला माझ्याकडे आला. गोरखा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, गाव नेपाळात पोखऱ्याकडचं. मी त्याला दाजू म्हणतो. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने पीपीओ आणि डिस्चार्ज बुक काढलं. नंबर, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण, सगळं जागच्या जागी. दहा मिनिटांत काम झालं.

या कागदामागे तीन देश उभे आहेत. ९ नोव्हेंबर १९४७ रोजी काठमांडूत भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांचा त्रिपक्षीय करार झाला. दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा आपल्याकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. दुसऱ्या देशाच्या फौजेत नोकरी करणाऱ्या नेपाळी जवानाला इतरांच्या बरोबरीने वागवायचं, हे तिघांनी लिहून दिलं. आजही आपली पेन्शन कार्यालयं पोखरा आणि धरानला आहेत. १९५० च्या भारत-नेपाळ करारानंतर तर दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, कामधंद्याची मोकळीक मिळाली.

त्याच मोकळ्या सीमेवरून मुलीही आणल्या गेल्या. नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवून, आणि पुढे मुंबईत विकल्या गेल्या.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांनी कामाठीपुरा आणि आसपासच्या वस्त्यांवर छापे घातले. चारशेहून जास्त मुली सुटल्या. त्यांतल्या दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या. त्यांना सरकारी सुधारगृहांत ठेवलं. प्रश्न पुढेच होता: यांना घरी पाठवायचं कसं?

कायदा नव्हता असं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २ डिसेंबर १९४९ रोजी मानवी व्यापाराविरुद्धचा करार मंजूर केला होता. भारताने ९ मे १९५० रोजी त्यावर सही केली आणि त्याला अनुसरून १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा केला. त्या कराराच्या कलम १९ मध्ये परत पाठवण्याची रीत दिली आहे. आधी त्या व्यक्तीची ओळख आणि राष्ट्रीयत्व यावर दोन्ही देशांचं एकमत व्हायला हवं. कोणत्या दिवशी, कोणत्या नाक्यावर पोचवायचं तेही ठरायला हवं. सीमेपर्यंतचा खर्च एकाने करायचा, पुढचा दुसऱ्याने.

गाडं अडलं ते ओळखीवर. बहुतेक मुलींकडे नागरिकत्वाचा कागदच नव्हता. नेपाळ सरकार त्यांना घ्यायला तयार होईना. या मुली एड्स घेऊन येतील, अशी भीती तिकडे उघड बोलली जात होती. आपल्याकडची दारं उघडली, पण पलीकडचं उघडेना. अखेर नेपाळमधल्या काही स्वयंसेवी संस्था पुढे आल्या आणि जुलैमध्ये सव्वाशेच्या आसपास मुली काठमांडूला पोचल्या. सुटकेनंतरचे पाच महिने त्या कोंडूनच होत्या.

पुढच्या करारांत नेमकी हीच अडचण धरलेली दिसते. सन २००० च्या पालेर्मो प्रोटोकॉलच्या कलम ८ प्रमाणे, विचारणा झाली की आपला नागरिक आहे की नाही हे विलंब न लावता तपासून सांगायचं आणि असेल तर त्याला स्वीकारायचं. जानेवारी २००२ मध्ये काठमांडूतच सार्क देशांनी स्त्रिया व मुलांच्या व्यापाराविरुद्ध करार केला, पण तो वेश्याव्यवसायापुरताच. वेठबिगारी, अवयवांची चोरी हे पालेर्मोच्या व्याख्येत येतं. भारताने पालेर्मो २०११ मध्ये मान्य केला, नेपाळने २०२० मध्ये. मुंबईच्या छाप्यांनंतर चोवीस वर्षांनी.

त्या मुली मात्र कोणासाठी थांबल्या नाहीत. परतलेल्यांपैकी पंधरा जणींनी १९९६ मध्येच ‘शक्ती समूह’ नावाची संघटना उभी केली. विकल्या गेलेल्यांनीच चालवलेली. नागरिकत्वाचा कागद ही त्यांची सुरुवातीपासूनची लढाई. २०१३ साली या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्यातले कितीतरी माजी सैनिक आज स्टेशनवर, बँकेत, सोसायटीत पहाऱ्याला आहेत. हावडा-मुंबई मार्गावरचं आमचं रायपूर स्टेशनच घ्या. पोरांना घेऊन निघालेला माणूस त्यांची नावं सांगताना अडखळला, पोरं त्याच्याकडे बघून उत्तरं देऊ लागली, तर १०९८ फिरवा किंवा रेल्वे पोलिसांना गाठा. मुलांना ओरडू नका, त्यांनी काही केलेलं नसतं.

दाजूला मी हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ पिशवीची गाठ मारत बसला. मग म्हणाला, “साब, आमच्या गावातून पोरं पलटणीत गेली की अख्खा गाव पोचवायला यायचा. पोरी गेल्या तेव्हा कुणी विचारलं नाही, कुठं गेल्या.”

जय हिंद.