'होप' म्हणजे आशा नव्हे

नेपोलियनच्या काळातील युद्धांची इंग्रजी वर्णने वाचताना 'फॉर्लॉर्न होप' हा शब्द हमखास भेटतो. शब्दकोश उघडावा तर 'फॉर्लॉर्न' म्हणजे केविलवाणा आणि 'होप' म्हणजे आशा. मग 'लेफ्टनंट गर्वुडने फॉर्लॉर्न होपचे नेतृत्व केले' या वाक्याचा अर्थ काय लावायचा? केविलवाण्या आशेचे नेतृत्व कोणी कसे करील? विद्यार्थी इथे अडखळतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. या शब्दातला 'होप' म्हणजे आशा नव्हेच.

शब्द मूळचा डच भाषेतला, 'फरलोरन होप'. डचमध्ये 'होप' म्हणजे ढीग, आणि त्यावरून माणसांचा जमाव, तुकडी. इंग्रजीतला 'हीप' हा त्याचाच भाऊबंद. 'फरलोरन' म्हणजे गमावलेली. जी तुकडी परत येणार नाही असे धरूनच पुढे धाडायची, ती गमावलेली तुकडी. फ्रेंच लोक अशा सैनिकांना 'हरवलेली मुले' म्हणत. सोळाव्या शतकात इंग्रजांनी हा डच शब्द उचलला. 'फरलोरन'चा 'फॉर्लॉर्न' झाला तो बरोबरच होता, कारण त्या इंग्रजी शब्दाचाही मूळ अर्थ 'गमावलेला' असाच आहे. 'होप' मात्र केवळ उच्चार जुळला म्हणून आशेच्या जागी जाऊन बसला.

परका शब्द कानावर पडला की आपण त्यात ओळखीचा शब्द शोधतो. इंग्रजी अमलातील पहारेकऱ्याचा 'हू कम्स देअर?' हा प्रश्न आपल्याकडच्या शिपायांच्या तोंडी 'हुकुमदार' झाला, तोही असाच. 'हुकूम' आणि 'दार' दोन्ही ओळखीचे. अर्थ जुळो न जुळो!

शब्दाप्रमाणे त्याचे कामही बदलत गेले. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धात 'फॉर्लॉर्न होप' म्हणजे मुख्य फौजेच्या पुढे ठेवलेली बंदूकधाऱ्यांची तुकडी. पुढे हा शब्द मुख्यतः वेढ्याच्या लढाईत वापरला जाऊ लागला. तोफा तटाच्या एकाच भागावर दिवसेंदिवस मारा करीत. तट ढासळे, दगडमातीचा उतार तयार होई. या खिंडारातून आत शिरायचे, पण आतले लोक नेमके तिथेच नेम धरून बसलेले असत. त्या काळच्या ठासणीच्या बंदुकीला पुन्हा बार भरायला सरावलेल्या शिपायालाही वीसेक सेकंद लागत. पहिल्या मूठभर माणसांनी पहिली फैर अंगावर घ्यायची आणि मागच्यांनी त्या अवधीत उतार चढायचा, असा हा रोकडा हिशोब होता. ही पहिली मूठभर माणसे म्हणजे फॉर्लॉर्न होप.

४ मे १७९९ रोजी इंग्रजांनी टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणवर सुलतानढवा केला, तेव्हा कावेरीच्या पात्रातून दोन रांगा खिंडाराकडे निघाल्या. प्रत्येक रांगेच्या अग्रभागी एक सार्जंट आणि बारा शिपाई होते. त्यांतला सार्जंट ग्रॅहम खिंडारावर निशाण लावताच मारला गेला. किल्ला त्याच दिवशी पडला. पण दर वेळी असे होत नसे. ६ एप्रिल १८१२ च्या रात्री स्पेनमधील बादाहोस येथे खिंडारांवरचे हल्ले पुन्हा पुन्हा फसले. शहर हाती आले ते अन्यत्र तटाला शिड्या लावून.

एवढे असूनही या तुकडीत जायला माणसे आपणहून पुढे येत. यामागे शौर्य होते, तसे एक व्यवहारी कारणही होते. १८७१ पर्यंत ब्रिटिश पायदळात व घोडदळात अधिकारपदे बहुतांशी विकत घ्यावी लागत. गरीब घरच्या लेफ्टनंटाला पैशावाचून बढती मिळण्याच्या थोड्या वाटांपैकी ही एक होती. वर उल्लेखलेला गर्वुड १९ जानेवारी १८१२ रोजी सिउदाद रोद्रिगोच्या खिंडारावर चढला, जखमी झाला, पण वाचला आणि कॅप्टन झाला. पुढे वेलिंग्टनचा पत्रव्यवहार त्यानेच संपादित केला. साध्या शिपायाला मात्र बहुधा नावही मिळत नसे.

'फोल आशा' हा अर्थ सतराव्या शतकातच रूढ होऊ लागला होता आणि आज बहुतेकांना तेवढाच माहीत असतो. म्हणून वर्गात हा शब्द आला, तर आधी मजकुराचा काळ आणि संदर्भ पाहावा. यादवी युद्धाच्या वर्णनात 'आघाडीची तुकडी', वेढ्याच्या वर्णनात 'खिंडारावर चढणारी पहिली तुकडी', आणि आजच्या अग्रलेखात 'फोल आशा'.

मराठी फौजेतल्या आघाडीला 'बिनी' म्हणत. विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या नावात ती आहे. आज आपण 'बिनीचा खेळाडू' म्हणतो, तेव्हा फौज विसरलेली असते, पण पुढे असण्याचा मान शिल्लक असतो. इंग्रजी शब्दात उलटे झाले. निराशा तेवढी उरली आणि खिंडारावर चढणारी माणसे शब्दातून नाहीशी झाली. इतिहास शिकवताना ती परत आणता येतात. त्यासाठी 'होप' म्हणजे माणसांचा जमाव, एवढे सांगितले तरी पुरे.