भूमिकाखेळ, संगणकीय

मध्ययुगीन यूरोपच्या धर्तीवर कल्पिलेल्या अद्‌भुत जगात, निरनिराळ्या गुणांच्या चार ते सहा पात्रांचे एक पथक घेऊन भुयारे, ओसाड किल्ले व नगरे धुंडाळणे, शत्रूंशी लढणे आणि अंगावर घेतलेली कामगिरी तडीस नेणे, असे या खेळाचे सामान्य स्वरूप असते. पथकातील सर्व पात्रे बहुधा एकच खेळाडू चालवितो. मूळ खेळ मात्र एकट्याने खेळावयाचा नव्हता. स्नेह्यांनी मेजाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र रंगवून तो खेळावयाचा असे. संगणकाने तो एकट्या माणसाच्या आवाक्यात आणला आणि त्याच वेळी त्यातील माणसे काढून घेतली. त्यांच्या रिकाम्या जागा यंत्राने कशा भरल्या, हा या प्रकाराच्या सु. पन्नास वर्षांच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

पूर्वपीठिका : या खेळाची वंशावळ चतुरंगापर्यंत मागे नेता येते. भारतातून इराण व अरबस्तानमार्गे यूरोपात गेलेल्या बुद्धिबळाचा [→ बुद्धिबळ] पट वाढवून व त्यावर डोंगर, नद्या, तोफा यांची भर घालून योहान हेलविग यांनी १७८० मध्ये जर्मनीत एक युद्धखेळ रचला. प्रशियाचे सेनाधिकारी गेओर्ग फोन राइसव्हिट्स यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात चौकटी नाहीशा होऊन नकाशा आला, फासे आले आणि दोन्ही पक्षांच्या हालचालींचा निवाडा करणारा पंचही आला. पुढील काळात काही अधिकाऱ्यांनी नियमांचे ओझे कमी करून पंचाच्या तारतम्यावर अधिक भर दिला. नियमांत नसलेली गोष्ट खेळाडूने करू म्हटले, तर तिचा निकाल एका जाणत्या माणसाने जागच्या जागी द्यावा, ही कल्पना तेथे रुजली.

विसाव्या शतकात हे खेळ लष्कराबाहेर हौशी मंडळींत पसरले. अमेरिकेतील मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांतील अशा मंडळांत १९७० च्या सुमारास एक मोठा बदल घडला : खेळाडूने सेना चालविण्याऐवजी एकाच व्यक्तीची भूमिका घ्यावी, अशी प्रथा पडली. गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व डेव्ह आर्नसन (१९४७–२००९) यांनी तिला नियमबद्ध रूप देऊन १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर आणि पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या १,००० प्रती, अशी त्याची सुरुवात होती. एका मोहिमेत चार ते पन्नास खेळाडू असावेत, असे त्या पुस्तिकेत म्हटले होते. खेळाडू एक किंवा दोनच असतील, हे कोणाच्या मनात नव्हते असे यावरून दिसते.

खेळाची घडणही समूहाला धरूनच होती. योद्धा पुढे उभा राहून घाव झेलतो. मांत्रिकाजवळ सर्वांत संहारक शक्ती असते. पण त्याला चिलखत चालत नाही. पुरोहित जखमा भरून काढतो, परंतु त्याने धारदार शस्त्र धरावयाचे नाही. या तिघांच्या जोडीला लवकरच कुलपे व सापळे उघडणारा चोर आला. एकट्याने भुयारात उतरल्यास यांपैकी कोणाचाही निभाव लागणे कठीण असे. जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या कादंबरीतील नऊ जणांच्या मेळ्याची छाया या पथकावर स्पष्ट दिसते; तीतील बुटक्या जमातीचे ‘हॉबिट’ हे नाव तर आक्षेपानंतर पुढील मुद्रणांतून वगळावे लागले. मेजाच्या एका टोकाला सूत्रधार बसे. तो भुयाराचा नकाशा झाकून ठेवी, समोर काय दिसते ते तोंडाने सांगे आणि खेळाडूंनी सुचविलेल्या वाटेल त्या युक्तीचा निकाल देई.

या खेळांतील मध्ययुग हे इतिहासातील मध्ययुग नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यात किल्ले, तलवारी, गिल्डा व पानगृहे असतात. वेठबिगार, दुष्काळ, महामारी आणि चर्चची सत्ता ही बहुधा नसतात किंवा केवळ पार्श्वभूमीला असतात. वाटेल त्या कुळातील माणूस खांद्यावर शस्त्र टाकून दैव आजमावण्यास निघू शकतो, ही तर तत्कालीन कुळाला अकल्पनीय वाटावी अशी गोष्ट. एकोणिसाव्या शतकातील अद्‌भुतरम्य वाङ्‌मय आणि विसाव्या शतकातील अमेरिकन कथामासिके यांच्या मिश्रणातून हे मध्ययुग तयार झाले आहे.

संगणकावरील आरंभ : इलिनॉय विद्यापीठाची ‘प्लेटो’ ही संगणकाद्वारे शिक्षण देण्याची यंत्रणा होती. एका मोठ्या संगणकाला जोडलेल्या तिच्या अनेक पटलांवर १९७५ पासून विद्यार्थ्यांनी या धर्तीचे खेळ रचावयास सुरुवात केली. अभ्यासाची जागा अडते म्हणून त्यांतील काही पुसून टाकण्यात आले. विद्यार्थ्यांनी ते पुन्हा रचले. १९७७ च्या ‘उब्लिएत’ या खेळात निरनिराळ्या पटलांसमोर बसलेली माणसे एकत्र येऊन पथक बनवीत. संगणकावरील आरंभीच्या पथकांतून माणसे अद्याप गेलेली नव्हती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

ती गेली घरगुती संगणकाबरोबर. कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थी अँड्रू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड हे प्लेटोवरील खेळांशी परिचित होते. त्यांनी ॲपल २ या संगणकासाठी रचलेला ‘विझर्ड्री’ हा खेळ सर-टेक या संस्थेने १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. या संगणकासमोर एकच माणूस बसणार. म्हणून सहाही पात्रे त्याच्याच हाती देण्यात आली. ती निर्माण करावयाची, त्यांची नावे ठेवावयाची, पुढच्या रांगेत तीन व मागच्या रांगेत तीन असे उभे करून दहा मजली भुयारात उतरावयाचे. प्रत्येक मजला वीस बाय वीस घरांचा. पटलाच्या एका कोपऱ्यात काही पांढऱ्या रेषांनी भिंती व दारे दाखविली जात. त्यापलीकडे चित्र असे फारसे नव्हतेच. भुयाराचा नकाशा खेळाडूने आलेख-कागदावर स्वतः काढावयाचा. फिरत्या फरशा व अकस्मात दुसरीकडे नेऊन टाकणारी घरे अशी योजलेली होती की, काढलेला नकाशा खोटा ठरावा. भुयाराच्या तळाशी असलेल्या मांत्रिकाचे ‘वेर्डना’ हे नाव अँड्रू हे नाव उलटे लिहून केलेले आहे आणि पथकाला कामगिरीवर धाडणारा राजा ‘ट्रेबोर’ म्हणजे उलटा रॉबर्ट होय.

विझर्ड्रीचे खरे वैशिष्ट्य मृत्यूच्या हाताळणीत आहे. पात्र मेले की ती नोंद चकतीवर तत्काळ होई. प्रेत नगरातील देवळात नेऊन, द्रव्य देऊन ते जिवंत करविता येई. पण विधी फसला तर त्याची राख होई आणि दुसऱ्यांदा फसला तर ते पात्र कायमचे नाहीसे होई. सर्व पथक खाली गारद झाल्यास प्रेते तेथेच पडून राहत. ती आणावयाची तर नवे पथक उभारून, त्याला तयार करून, त्याच जागी पोहोचावे लागे. अनेक आठवडे जपलेले पात्र एका चुकीच्या पावलाने जाई. नोंद होण्यापूर्वी चकती ओढून काढणे, चकतीच्या जादा प्रती करून ठेवणे, असे उपाय खेळाडू योजीत. या सहा पात्रांना स्वभाव नव्हता, ती एक शब्दही बोलत नसत. तरी त्यांच्या जाण्याने माणसे हळहळली. मेजावर सोबत्याविषयी जे वाटे, त्यातील काही अंश केवळ हानीच्या भयाने यंत्रातही उतरला, असे म्हणता येईल.

रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’ मालिकेने वेगळा मार्ग धरला. तिच्या तिसऱ्या भागात (१९८३) चार जणांचे पथक व लढाईसाठी स्वतंत्र पट आला. चौथ्या भागात (१९८५) मारावयाचा खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग इ. आठ सद्‌गुण अंगी बाणवून ‘अवतार’ पदाला पोहोचावयाचे, हे त्याचे ध्येय. हा संस्कृत शब्द संगणकीय खेळांच्या परिभाषेत रूढ होण्यास या खेळाचा हातभार लागला; मात्र मूळ अर्थातील अवतरण येथे उलटे होऊन माणूस वर चढतो. त्यातील एक आंधळी विक्रेती औषधी मुळ्या विकते व पैसे मोजण्याचे काम गिऱ्हाइकावर सोडते. कमी पैसे ठेवले तर त्या वेळी काहीच घडत नाही. पण यंत्र त्याची नोंद ठेवते. पथकातील सोबती एकेका सद्‌गुणाचे प्रतिनिधी असून ते गावोगावी भेटतात. सूत्रधाराचे तारतम्य यंत्रात आणण्याचा हा पहिला विचारपूर्वक प्रयत्न होय.

याच दशकात ‘द बार्ड्‌स टेल’ (१९८५), ‘माइट अँड मॅजिक’ (१९८६) व काळ न थांबता चालू ठेवणारा ‘डंजन मास्टर’ (१९८७) हे खेळ लोकप्रिय झाले. ‘पूल ऑफ रेडिअन्स’ (१९८८) हा डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम अधिकृत परवान्याने वापरणारा पहिला महत्त्वाचा संगणकीय भूमिकाखेळ. संगणकाची स्मृती अपुरी असल्याने त्यातील बराच मजकूर छापील पुस्तिकेत दिलेला असे. पटलावर क्रमांक आला की पुस्तिकेतील तो उतारा काढून वाचावयाचा. कोणी सगळी पुस्तिका आधीच वाचून काढू नये म्हणून तीत काही खोटे उतारेही घातलेले होते.

जपानमध्ये विझर्ड्री व अल्टिमा यांचा प्रभाव खोल पडला. युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या पहिल्या भागात (१९८६) एकटा नायक होता, दुसऱ्या भागात (१९८७) तिघे झाले आणि त्याच वर्षीच्या ‘फायनल फँटसी’त चौघे. जपानी शाखेने पुढे पात्रांना ठरलेले स्वभाव व ठरलेली कथा दिली आणि तिचा विकास स्वतंत्रपणे झाला.

बोलते सोबती : पथकाला वाचा फोडण्याचे श्रेय मुख्यतः ‘बॉल्डर्स गेट’ (१९९८) या खेळाला द्यावे लागते. बायोवेअर ही तो रचणारी संस्था कॅनडातील एडमंटन येथे १९९५ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक वैद्यकीय पदवीधर होते. पाच चकत्यांवर मावलेल्या या खेळात खेळाडूने आपले एकच पात्र घडवावयाचे आणि उरलेले पाच सोबती वाटेत जोडावयाचे. या सोबत्यांना मते होती. सज्जन व दुर्जन एकत्र ठेवल्यास ते भांडत आणि प्रसंगी परस्परांवर शस्त्र उपसत. पथकाचा लौकिक फार वाढला तर दुष्ट प्रवृत्तीचे सोबती सोडून जात. मिन्स्क नावाचा धिप्पाड व भोळसट योद्धा आपल्या स्वामिनीच्या सुटकेसाठी मदत मागे आणि खेळाडूने टाळाटाळ चालविली तर त्याचा संयम सुटे. बू नावाचा एक उंदरासारखा पाळीव प्राणी बाळगून त्याच्याशी मसलत करणारा हा मिन्स्क अत्यंत लोकप्रिय ठरला. तो प्रथम अवतरला तो मेजावर : खेळाचे एक प्रमुख रचनाकार जेम्स ओलेन यांच्या मेजावरील खेळात त्यांच्या एका सहकाऱ्याने ते पात्र रंगविले होते. मेजावरून गेलेला सोबती असा सोंगाच्या रूपाने का होईना, यंत्रातून परत आला.

याच पद्धतीचा ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९) हा संवादांच्या दृष्टीने या प्रकारातील सर्वोत्कृष्ट मानला जातो. ‘नेव्हरविंटर नाइट्‌स’ने (२००२) पथक आखडते घेतले, पण एका माणसाला सूत्रधार होऊन इतरांसाठी खेळ चालविण्याची सोय दिली. त्यानंतरची काही वर्षे पडतीची होती. दूरदर्शनसंचाला जोडावयाच्या खेळयंत्रांवर एका नायकाचे, वेगवान खेळ अधिक खपत. ‘टॉर्मेंट’ रचणारा विभाग २००३ मध्ये बंद झाला. २००९ चा ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा ठळक अपवाद.

पुनरुज्जीवन घडले ते वाचकवर्गणीसारख्या मार्गाने. प्रकाशकांनी पाठ फिरविल्यावर ऑब्सिडियन संस्थेने २०१२ मध्ये चाहत्यांकडून वर्गणी मागितली. अकरा लाख डॉलर अपेक्षित असता सु. चाळीस लाख जमले व त्यातून ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ (२०१५) तयार झाला. बेल्जियममधील गेंट येथील लॅरियन या संस्थेने ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन’मध्ये (२०१४) पाळीपाळीची लढाई परत आणली आणि दोघांना मिळून खेळता येईल अशी रचना केली. त्यात पाणी सांडलेल्या जमिनीवर वीज सोडावी, तेलाला आग लावावी, असल्या युक्त्यांना यंत्र उत्तर देते. पंचाने जागच्या जागी निकाल देण्याच्या जुन्या रीतीच्या हे बरेच जवळ जाते. लॅरियननेच रचलेला ‘बॉल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाचे प्रमुख पुरस्कार मिळाले. महत्त्वाच्या प्रसंगी वीस बाजूंचा फासा त्यात पटलावर प्रत्यक्ष घरंगळताना दिसतो. यंत्राला त्याची गरज नाही, खेळणाऱ्याला आहे. सोबत्यांची भूमिका नटांनी वठविली असून मिन्स्कही पुन्हा भेटतो. एकट्याने खेळताना खेळाडूबरोबर तीन सोबती चालतात. चार माणसे आपापल्या संगणकांवरून एकत्र खेळू लागली की पथकातील चारही जागा भरतात, आणि यंत्राचे सोबती तळावर शेकोटीपाशी थांबून राहतात.