उकलून पाठवलेली गाडी

१९५०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये लोटस कंपनीची 'सेव्हन' नावाची छोटी स्पोर्ट्स कार सुट्या भागांच्या रूपात विकत मिळायची. या भागांसोबत जोडणीची पुस्तिका द्यायला मात्र परवानगी नव्हती. पुस्तिका दिली की तो माल 'गाडी' ठरणार आणि त्यावर गाडीचा कर लागणार. तेव्हा कंपनीने पुस्तिका दिली ती गाडी उकलायची, आणि गिऱ्हाइकाने ती शेवटच्या पानापासून मागे वाचत यायचं, असा किस्सा सांगतात. किस्सा सांगणाऱ्यागणिक थोडा रंगत गेला असणार. पण तो ज्या करामुळे जन्माला आला तो कर खरा होता, आणि गाडीही.

माझं शिक्षण मेकॅनिकलचं आणि पोट भरतं ते सॉफ्टवेअरवर. माझ्या पिढीत हे इतकं सर्रास आहे, की त्याबद्दल कुणी विचारतही नाही. पण त्यामुळे झालंय असं, की 'मूळ' आणि 'नक्कल' हा वाद मला रोज दिसतो. कुणाचा तरी खुला कोड उचलायचा, चार ओळी बदलायच्या, नाव नवीन द्यायचं. खऱ्या वस्तूंच्या जगात हाच वाद कसा खेळला गेला हे बघायचं, तर सेव्हनइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मोटारींच्या इतिहासात सर्वाधिक नकला झालेल्या गाड्यांत ती नक्कीच मोडते, आणि या नकलांनीच तिला आजवर जिवंत ठेवलंय.

कॉलिन चॅपमन हा लोटसचा संस्थापक. जन्म १९२८चा, शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं. म्हणजे पूल आणि छपरांचं. त्याची पहिली गाडी जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून बेतलेली होती, आणि लोटसचा सुरुवातीचा कारखाना म्हणजे हॉर्न्सीमध्ये वडिलांच्या पबमागचे तबेले. पूल बांधणारा माणूस गाडीकडे कसा बघेल, तसंच चॅपमनने बघितलं. पुलाच्या कैचीत प्रत्येक दांडी एक तर ओढली जाते नाहीतर दाबली जाते, वाकवली जात नाही. म्हणून ती बारीक असली तरी चालते. सेव्हनचा सांगाडा असाच, बारीक पोलादी नळ्यांच्या त्रिकोणांचा. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट ठोकून बसवलेला, आणि तो पत्राही भार उचलणारा. दारं नाहीत, छप्पर म्हणाल तर कापडी. १९५७ सालच्या पहिल्या सेव्हनमध्ये फोर्डचं ११७२ सीसीचं, सुमारे ४० अश्वशक्तीचं इंजिन होतं. कागदावर हा आकडा हास्यास्पद दिसतो. पण गाडीचं वजनच ५०० किलोच्या आत असल्यामुळे ती त्या काळच्या दुप्पट ताकदीच्या गाड्यांना वळणावर मागे टाकायची.

आता यात लोटसचं स्वतःचं असं काय होतं? इंजिन फोर्डचं. मागचा अॅक्सल दुसऱ्या सीरिजमध्ये स्टँडर्ड कंपनीच्या साध्या घरगुती गाडीचा. सांगाडासुद्धा लोटस बाहेरच्या कारखान्यांकडून वेल्ड करून घ्यायची. म्हणजे ज्याला आपण 'मूळ सेव्हन' म्हणतो ती इतरांच्या भागांची एक मांडणी होती, आणि त्यातला एकही भाग असा नव्हता जो हुशार माणसाला दुसरीकडून मिळवता आला नसता. पुढे सत्तर वर्षं जे घडलं त्याचं बीज या एका गोष्टीत आहे.

दुसरं बीज करात. ब्रिटनमध्ये १९४० पासून 'पर्चेस टॅक्स' होता. १९५७ साली मोटारींवर तो घाऊक किमतीच्या ६० टक्के होता. सुट्या भागांच्या किटवर मात्र तो लागत नसे, अट एवढीच की जोडणी गिऱ्हाइकाने स्वतः करायची. त्यामुळे तयार सेव्हनच्या जवळजवळ निम्म्या पैशांत किट मिळायचं. स्वतःच्या हाताने गाडी बांधण्याच्या ब्रिटिश हौसेबद्दल पुष्कळ भावुक लिहिलं जातं, आणि ती हौस होतीही. पण शनिवार-रविवार गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या त्या तरुण कारकुनांना आणि फिटरांना तिथवर आणलं ते सरकारी दरपत्रकाने, हे विसरू नये.

१९६७ साली सेव्हन टीव्हीवर आली. 'द प्रिझनर' या मालिकेच्या सुरुवातीलाच पॅट्रिक मॅकगूहनचा नायक हिरव्या-पिवळ्या सेव्हनमधून लंडनमध्ये शिरतो आणि राजीनामा आपटतो. गाडीचा नंबर केएआर १२० सी. या मालिकेतला एक तपशील मला फार आवडतो. शेवटच्या भागाचं चित्रीकरण आलं तोवर मूळ गाडी विकली गेली होती. मग दुसरी सेव्हन आणून तिला तोच रंग आणि तोच नंबर चढवण्यात आला. ती गाडी घेऊन येणारा मेकॅनिक म्हणून पडद्यावर क्षणभर दिसतो तो ग्रॅहम नर्न. सरे परगण्यातल्या केटरहॅम गावात लोटस सेव्हन विकणारा डीलर. सहा वर्षांनी हाच माणूस सेव्हनचा कायदेशीर वारस होणार होता, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नसेल. पुढे १९९० साली केटरहॅमने 'प्रिझनर' आवृत्ती काढली. म्हणजे नकली गाडीची अधिकृत नक्कल! त्यातली सहाव्या क्रमांकाची गाडी अर्थातच मॅकगूहनला. मालिकेत त्याचं नावच 'नंबर सिक्स' होतं.

१ एप्रिल १९७३ ला ब्रिटनमध्ये पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला. किटचा फायदा एका रात्रीत संपला. चॅपमनला तसंही आता महागड्या, दारं-खिडक्यांच्या गाड्या विकायच्या होत्या. त्याच वर्षी सेव्हनच्या उत्पादनाचे हक्क नर्नकडे गेले. तोवर चारही सीरिज मिळून लोटसने सुमारे २५०० सेव्हन बनवल्या होत्या. 'लोटस' हे नाव मात्र कंपनीने स्वतःकडेच ठेवलं, म्हणून पुढची गाडी 'केटरहॅम सेव्हन'. नर्नने आधी शेवटची, फायबरग्लासची चौथी सीरिज बनवून पाहिली आणि १९७४ साली ती सोडून तिसऱ्या सीरिजकडे परतला. मला हा निर्णय त्या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो. नवीन आवृत्ती लोकांना नको आहे, जुनीच हवी आहे, हे कबूल करायला धंद्यात फार धैर्य लागतं. (आमच्या क्षेत्रात तर ते कुणालाच जमत नाही.)

चौथी सीरिजही वाया गेली नाही. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या स्टील ब्रदर्सने ती परवाना घेऊन १९७९ पर्यंत बनवली. नेदरलँड्समध्ये १९७८ पासून योप डोंकरफोर्टने आपल्या नावाची सेव्हन काढली, दक्षिण आफ्रिकेत बर्किन आली. या प्रत्येकाचं केटरहॅमशी वेगळं नातं, कुठे परवान्याचं, कुठे भांडणाचं.

सर्वांत गाजलं ते वेस्टफील्डचं भांडण. ख्रिस स्मिथने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लोटस इलेव्हन या दुसऱ्याच जुन्या रेसिंग गाडीची प्रतिकृती बनवून वेस्टफील्ड सुरू केली, आणि मग सेव्हनकडे वळला. त्याची गाडी इतकी हुबेहूब होती, की केटरहॅमने कायद्याचा बडगा उगारला. खटला निकालापर्यंत गेला नाही, तडजोड झाली. वेस्टफील्डने गाडीचं रूप बदललं, फायबरग्लासची बॉडी घेतली आणि धंदा चालू ठेवला.

त्या वेळचा ब्रिटिश कायदा बघितला तर गंमत कळते. एखाद्या यंत्रभागाच्या ड्रॉइंगवर कॉपीराइट असेल, तर त्यावरून भाग बनवणं हीसुद्धा नक्कल धरली जायची. मग तो भाग एक्झॉस्टचा पाइप का असेना. अगदी याच पाइपवरून ब्रिटिश लेलँड ही मोटार कंपनी आणि सुटे भाग बनवणारी आर्मस्ट्राँग यांचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९८६ साली लॉर्ड्सनी निकाल दिला, की कॉपीराइट असला तरी गाडीच्या मालकाला ती दुरुस्त करून घ्यायचा हक्क आहे आणि उत्पादकाने तो अडवू नये. १९८८च्या नव्या कायद्याने तर निव्वळ उपयोगी वस्तूंना ड्रॉइंगच्या कॉपीराइटचं हे कवच बरंचसं काढूनच घेतलं. नळ्यांच्या त्रिकोणाची मालकी सांगणं यापुढे अवघड होतं. नावाची मालकी सांगता येत होती.

आणि मग आलं पुस्तक. रॉन चॅम्पियन हा नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या आउंडल शाळेतला शिक्षक. १९९६ साली हेन्सने त्याचं २५० पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारं पुस्तक छापलं. सेव्हनचं नाव न घेता ही सेव्हनच होती, पण गोल नळ्यांऐवजी एक इंची चौकोनी नळीची. कारण साधं आहे. गोल नळी गोल नळीला जोडायची, तर तोंड माशाच्या तोंडासारखं कोरावं लागतं. चौकोनी नळी हॅक्सॉने सरळ कापली की बसते. सांगाडा प्लायवुडवर खडूने आखून त्यावरच टाके मारत उभा करायचा. इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल सगळं भंगारात निघालेल्या एका फोर्ड एस्कॉर्टमधून. या गाड्यांना 'लोकॉस्ट' नाव पडलं, आणि पुढे ब्रिटनच्या ७५० मोटर क्लबने त्यांची स्वतंत्र शर्यत सुरू केली.

पहिल्या आवृत्तीत काही मापं चुकलेली होती. पुस्तकाप्रमाणे नळ्या कापल्या, तर काही जागी त्या जुळतच नसत. दुसऱ्या एखाद्या गाडीचा यात बोऱ्या वाजला असता. इथे उलट झालं. बांधणाऱ्यांनी आपसात मापं दुरुस्त केली, दुरुस्त ड्रॉइंगं फुकट वाटली, उंच माणसांसाठी लांब आणि रुंद सांगाड्याची ड्रॉइंगं काढली. १९५७ साली पुस्तिका देता येत नव्हती. चाळीस वर्षांनी पुस्तिका चुकीची असूनही चालली. चॅपमनची मांडणी तोवर शेकडो हातांतून गेली होती आणि ती कुणा एकाच्या कागदावर अवलंबून राहिली नव्हती.

यात ब्रिटिश राज्ययंत्रणेचाही वाटा आहे. १९९८ साली तिथे हौशी बांधणीच्या गाड्यांसाठी एका-एका गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू झाली. निरीक्षक ब्रेक तपासतो, पट्ट्यांचे नटबोल्ट तपासतो, बाहेर आलेल्या कडा किती गोल आहेत हेही मोजतो. पास झालात तर नंबरप्लेट. गाडी कोणत्या कारखान्यात बनली हा प्रश्न नसतो, ती सुरक्षित आहे का हा असतो.

आपल्याकडे असं दार नाही. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बनवली, इसुझूच्या १.८ लिटर इंजिनावर. हे इंजिन आपल्या ॲम्बेसेडरमुळे ओळखीचं. मांडवा-अलिबाग रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हॉर्न्सीच्या तबेल्यांतलं ते रूप इथवर पोचलं होतं! पण तो कंपनीचा उद्योग. एकट्या माणसाने घरी गाडी बांधून आरटीओत न्यायची म्हटली, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम उत्पादकाने आपलं प्रारूप पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावं असं सांगतो. तो लिहिलाय कारखान्यांसाठी. असलेल्या गाडीतच फेरफार करावे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला: उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारी गाडी नोंदवता येणार नाही. आपल्या रस्त्यांवर जे काही चालतं ते बघता कडक नियमांची गरज मला कळते. कळत नाही ते हे, की एका गाडीची तपासणी करणारी खिडकी का असू नये.

कारण बांधणारे हात आपल्याकडे आहेत. बाहा स्पर्धेसाठी महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांची पोरं दरवर्षी नळ्यांचा सांगाडा आखतात, माशाच्या तोंडासारखी टोकं कोरतात, वेल्डिंगच्या उजेडाने डोळे चुरचुरत रात्री काढतात, आणि गाडी टेम्पोत घालून इंदूरजवळ पिथमपूरला नेतात. नळीचं माप तिथेही एक इंच. गाडी पिथमपूरच्या मातीत उड्या मारते, चढ चढते, ब्रेकची परीक्षा देते, आणि परत टेम्पोतच येते. कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर तिला स्वतःच्या चाकांवर जायची मुभा नाही. आमच्या गाडीचं इंजिन पुढच्या बॅचने त्यांच्या गाडीत घेतलं, टायर त्यापुढच्यांनी. सांगाडा मी शेवटचा पाहिला तो वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला टेकवलेला. वॉचमनने त्यावर चादर वाळत घातली होती.