लागू, श्रीराम

लागू, डॉ. श्रीराम बाळकृष्ण : (१६ नोव्हेंबर १९२७ – १७ डिसेंबर २०१९). मराठी व हिंदी चित्रपटांतील श्रेष्ठ अभिनेते, रंगभूमीवरील नट व दिग्दर्शक. जन्म सातारा येथे. शिक्षण पुण्यात भावे हायस्कूल, फर्ग्युसन महाविद्यालय व बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात. कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून त्यांनी पुण्यात व टांझानियात काम केले. नाटकाची ओढ विद्यार्थिदशेपासूनची. अखेर १९६९ मध्ये वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले. वि. वा. शिरवाडकरांच्या नटसम्राट (१९७०) या नाटकातील गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेने त्यांना अमाप कीर्ती मिळाली.

व्ही. शांताराम यांच्या पिंजरा (१९७२) या चित्रपटात त्यांनी तमाशातील नर्तकीच्या मोहात सर्वस्व गमावणारा आदर्शवादी शिक्षक उभा केला. गावाच्या मनातील आपली प्रतिमा अभंग राहावी म्हणून स्वतःच्याच खुनाची शिक्षा पत्करणाऱ्या या माणसाची शोकांतिका त्यांनी अत्यंत प्रभावीपणे साकारली. जब्बार पटेल दिग्दर्शित सामना (१९७४) मध्ये ते साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटलाला मारुती कांबळेच्या नाहीशा होण्याचा जाब विचारणारे व्यसनी मास्तर झाले. हिंदुराव रंगवणारे निळू फुले आणि लागू यांची ही जुगलबंदी मराठी चित्रपटातील अभिनयाचा मानदंड मानली जाते. सिंहासन (१९७९) मध्ये त्यांनी मुख्यमंत्र्याला खुर्चीवरून हटवण्यासाठी शांतपणे डाव टाकणारा अर्थमंत्री साकारला. करारी आवाज, स्वच्छ शब्दोच्चार आणि भूमिकेमागचा विचार प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारा संयम ही त्यांच्या अभिनयाची वैशिष्ट्ये होत.

हिंदीतील घरौंदा (१९७७) साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. रिचर्ड अॅटनबरो यांच्या गांधी (१९८२) मध्ये त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका केली. हिंदीत मात्र त्यांच्या वाट्याला बहुधा दुय्यम भूमिका आल्या; त्यांच्या ताकदीला साजेसे काम तेथे क्वचितच मिळाले.

बुद्धिप्रामाण्यवादाचा त्यांनी आयुष्यभर निर्भीडपणे पुरस्कार केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत व सामाजिक कृतज्ञता निधीच्या उभारणीत ते अग्रभागी होते. त्यांच्या पत्नी दीपा लागू याही अभिनेत्री. पुत्र तन्वीर यांच्या अकाली निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ लागू दांपत्याने रंगकर्मींसाठी ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला. लमाण हे त्यांचे आत्मचरित्र. पद्मश्री (१९७४), कालिदास सन्मान व संगीत नाटक अकादमीची फेलोशिप (२०१०) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. पुणे येथे त्यांचे निधन झाले.